प्रश्न सतरा, प्रश्न अठरा

सावद्यात मे महिन्यात दारं उघडत नाहीत,
किलकिली होतात.
फटीतून आधी कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येतो,
मग माणूस.

टॅबला मी ओला रुमाल गुंडाळलाय.
प्रश्न सतरा : हवामान सावरायला
मिळकतीतला शंभरातला एक रुपया द्याल?
प्रश्न अठरा : तुमच्या गावातले शंभरातले किती जण देतील?

ऑफिसातले म्हणतात, हेच दोन प्रश्न
आज लिमात, नैरोबीत, कुठल्याशा बर्फाळ गावातही चाललेत.
तिथल्या दारातून कसला वास येतो,
त्याला फॉर्मात रकाना नाही.

सुपडू फेगडे, बागेला हिरवी नेट बांधून नुकतेच आलेले :
"देईन ना बाई. एक काय, दोन घे.
पन गावातले? दहा. तेबी लाजेकाजेनं."

रुकसाना तडवी रायपनिंग चेंबरमध्ये केळीचे क्रेट मोजते,
दिवसभर अंगात स्वेटर, सुटी झाली की भट्टी :
"मी देईन. बाकीचे हसतील मले."

दीपनगरच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले वारके
बराच वेळ आपली नखं बघत बसले.
"कोळसा जाळला, त्यावर तीन मुली शिकल्या.
देईन. पण दुसऱ्याला पंधराच लिहा.
जास्त लिहिलं तर खोटं वाटेल."

फक्त धनराज, छोटा हत्तीवाला, ताडकन म्हणाला,
"मी कायले देऊ? ज्यानं धूर केला त्यानं द्यावा."
आणि अठराव्याला? "ऐंशी.
लोक भोये आहेत इथले."

दीड वाजता टॅब तापून बंद पडला.
निंबाखाली ओट्यावर बसून बोटांवर मोजलं :
एकतीस दारं, सव्वीस हो.
भिंतीला भिंत लागलेली,
एकाचा कूलर दुसऱ्याच्या खिडकीत गरम वारा फेकतो,
आणि सव्वीस जण, प्रत्येक जण एकटा.

ट्रेनिंगमध्ये बजावलंय,
एका घरचं उत्तर दुसऱ्या घरी न्यायचं नाही.

वारक्यांची धाकटी तांब्या घेऊन आली.
"तुम्ही काय लिहिलं?"
आम्हाला कुणी विचारत नाही, म्हटलं.
"मग मी विचारते."
देईन, म्हटलं.
"अन् तुमच्या यावलातले?"

जिभेवर दहा आलंच होतं.
पाणी माठातलं होतं, वाळा घातलेलं.
मी तांब्या खाली ठेवलाच नाही
बराच वेळ.