पांढऱ्या पायाचा

सहाव्या महिन्यात प्रज्योत नमस्कार करू लागला.
झोपेतून उठला की दोन्ही हात पुढे,
मान खाली, गुडघे पोटाशी,
परत एकदा, परत.
माय म्हणे, पाह्य रे, कसं गुणाचं लेकरू,
आल्यागेल्याले वाकून राह्यलं.
मी मोबाइलवर घेतलं, पुलगावच्या बहिणीला पाठवलं.
तिचे दोन हसरे चेहरे आले.

सुकेशनी हसली नाही.
ती मोजत होती.
बावीस नमस्कार, मग रडणं, मग नजर भलतीकडेच.
कालपर्यंत हातात धरायचा तो खुळखुळा
आज दिला तर पडला.

पाठीवर, मांडीवर पांढरे डाग जन्मापासूनचे,
तुरीच्या पानाएवढे, तसेच टोकाला निमुळते.
कोड हाये, माय म्हणाली,
आणि मग हळू, पण चुलीपर्यंत जाईल इतपत:
पांढऱ्या पायाची आली घरात.
मी जेवत होतो. जेवत राहिलो.

नागपूरला मेडिकलच्या डॉक्टरबाईंनी
खिडकी लावली, जांभळा दिवा पेटवला.
डाग एकेक उजळले, जे दिसत नव्हते तेही.
व्हिडिओ मागितला. मी तोच दाखवला,
खाली ते हसरे चेहरे.
बाईंनी तीनदा पाहिला.
हे झटके आहेत, म्हणाल्या.

ट्यूबरस स्क्लेरोसिस.
केसपेपरच्या मागे त्यांनी मेंदू काढला,
त्यात गाठी, जमिनीत रताळी असतात तशा.
कॅन्सर नाही. कोड नाही. कुणाची नजर नाही.
पेशींना 'आता पुरे' सांगणारा निरोप चुकीचा लिहिला गेलाय.
हृदयातल्या गाठी वयाबरोबर विरतील बहुतेक.
मूत्रपिंडं बघत राहायची. गोळीनं डोळ्यांवर परिणाम होतो, तेही.
शिकेल? त्यांनी पेन खाली ठेवलं.
झटके जितके लवकर थांबतील तितकं बरं.

मी लाइनमन. म्हटलं, म्हणजे फॉल्ट.
हो, म्हणाल्या, पण इथं सप्लाय बंद करून काम करता येत नाही.

मग म्हणाल्या, आता तुम्ही दोघं.
सुकेशनीच्या अंगावर काही नाही.
माझ्या पाठीवर तीन पानं.
बूट काढा.
अंगठ्याच्या नखाशी मांसाचा मोड,
बूट चावतो म्हणून मी वर्षानुवर्षं ब्लेडनं कापलेला.
बाईंनी तो अंगठा बराच वेळ हातात धरला.
हाच आजार. तुमच्यात निजलेला राहिला.
निम्मी शक्यता होती. तुम्ही दिला नाही, तो गेला.

आर्वीच्या एसटीत ती खिडकीशी, पोर मांडीवर.
कोंढाळीपर्यंत कुणीच बोललं नाही.
मग म्हणाली, तुमच्या किडनीचीबी सोनोग्राफी करा लागन.
एवढंच.

घरी मायनं पाय धुवायला पाणी आणलं.
मी बूट काढला, पाय तिच्यापुढं ठेवला.
माय, पांढऱ्या पायाचा मी हावो.
तिनं वाकून पाहिलं, अंगठ्यावरून बोट फिरवलं.
हे तं तुह्या बापालेबी होतं, म्हणाली,
मीच काढून देत जावो.
आणि तिथंच बसून राहिली, तांब्या तसाच हातात.

आता सकाळी सातला गोळी पाण्यात विरते.
प्रज्योत उठतो. आम्ही तिघंही मोजतो.
मायला वीसच्या पुढचे आकडे येत नाहीत.
आज नऊ झाले.
आज तिला पुरले.