डावीकडे तीन बोटं

पांचाळ मिस्त्री म्हणाला, आधी काही उघडायचं नाही.
गाडी सपाट जागेवर आण.
तुर्भ्याच्या त्या गल्लीत सपाट जागा म्हणजे
बंद पडलेल्या वजनकाट्याचं तोंड.
तिथे लावली.
बर्फाच्या दोन लाद्या उरल्या होत्या, त्या उतरवल्या.
स्टेपनी, ताडपत्री, मासळीच्या रिकाम्या पाट्या.
"आता तू पण उतर."

मी सांगत होतो, स्पीडब्रेकरवर खाडकन आपटते,
वळणावर डावा खांदा टाकते,
तो ऐकत नव्हता.
उकिडवा बसून त्याने लाकडाची एक काठी
डाव्या चाकाच्या मध्यावर टेकवली,
हौद्याची कड आली तिथे खडूची रेघ मारली,
आणि काठी घेऊन उजवीकडे गेला.
उजवीकडची कड रेघेच्या वर राहिली.
मध्ये बोटं ठेवून बघितली.
"तीन."

म्हटलं, गाडी जुनी आहे मिस्त्री.
"जुना मीपण आहे. वाकलोय का एका बाजूला?"
आणि कमरेला हात लावून उठला.
वाकला होता थोडा.
मी काही बोललो नाही.

मग पोतं अंथरून, टॉर्च दातात धरून
पाठीवर आत सरकला.
स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पाटे मोजले.
उजवीकडे सात. डावीकडेही सात.
उजव्यांना अजून बाक होता, विळीच्या पात्याएवढा.
डावे फूटपट्टी.
शॅकल मागे झोपलेला, रबर फाटलेलं,
आणि त्याच्याखाली अॅक्सलवर
आपटून आपटून रुपयाएवढी चकाकी.

हातोडी मागितली.
आई बाजारात मडकं वाजवून घेते तसं
एकेक वाजवलं.
उजवीकडे टण्ण.
डावीकडे ठप्प.
परत. ठप्प.
"तिसरा पाटा गेलाय. यू-बोल्टच्या आत मोडलाय,
बाहेरून दिसायचा नाही."

बाहेर येऊन बिडी पेटवली, तेव्हा विचारलं,
"बर्फाचं पाणी कुठून जातं?"

एकच भोक आहे हौद्याला.
मीच पाडलं होतं,
गाडी घेतली त्याच आठवड्यात, दिवाळ्यात घरासमोर,
भाड्याच्या ड्रिलने, सगळी आळी बघत असताना.
डावीकडे पाडलं कारण
वायर तेवढीच पोचत होती.
अकरा वर्षं रोज पहाटे
मासळीचं खारं पाणी त्याच एका जागी
थेंब, थेंब, थेंब.

"हुशारी केलीस मोरेश्वर," मिस्त्री म्हणाला,
"वर साचलं नाही ना?"

नाही साचलं.

"आणि रात्री? समोरचे डिपर मारतात?
पुढचे आरसा फिरवतात?"
मारतात की. सहा महिने झाले.
शिव्याही देतात. मीही देतो.
घरी सांगायचो, लोकांची डोकी फिरलीत हल्ली,
रस्त्यावर कुणाला माणुसकी नाही.
मिस्त्री हसला, धुरासकट खोकला.
"अरे, ढुंगण खाली बसलं की तोंड वर होतं.
माल भरलास की तुझेच दिवे लोकांच्या डोळ्यांत जातात."

बदलायचे तर दोन्ही बाजूंचे,
एकच नवा घातला तर उजवीकडे लंगडेल.
किती होतील, ते त्याने बॉनेटच्या धुळीत लिहिलं.
मी आकडा वाचला, आणि पुढचा महिना म्हणालो.
"तोवर अर्धाच माल भर.
भोकाला पाईप लाव, पार खालपर्यंत.
दुसरं भोक पाडू नकोस."
मग पुढे जाऊन दोन्ही दिव्यांचे स्क्रू
दोन-दोन आटे फिरवले.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
आकडा मात्र पुसला नाही.

त्या रात्री पावण्याच्या एमआयडीसीत, अर्धा माल,
समोरून एक टँकर आला.
माझं बोट डिपरवर, शिवी जिभेवर, तयार.
तो आला
आणि नुसता निघून गेला.
शिवी तशीच राहिली तोंडात.
मागे डावीकडे गळत होतं.
इंजिनात ऐकू येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं.
खैरण्याच्या पुलापर्यंत
मी तेच ऐकत गेलो.