सहावा

मेकनेसला जायचं कसं, विचारतात
तिकिटाच्या खिडकीत कोपर टेकवून.
दोन हजार वर्षं बघून झाली,
आता तीस किलोमीटरची काळजी.

मी सांगते. अकरा वर्षं सांगतेय.
बस वलीलीहून नाही, वर मूलाय इद्रीसहून सुटते,
सुटली तर.
तिथवर तासभर पायी; ऑलिव्हची सावली तुटक तुटक,
वाटेत कुत्री दोन, पांढरं नुसतंच भुंकतं.
खासगी गाडीवाला भाव सांगेल,
त्याच्या निम्म्याला हसा आणि चालू लागा,
येतोच तो मागून.
नाहीतर थांबा. बुअझ्झा आहे.

बुअझ्झाची मर्सिडीज माझ्याहून तीन वर्षांनी थोरली.
पुढे दोन, मागे चार,
सहा झाल्याशिवाय किल्ली फिरत नाही.
मागच्या चौघांनी एकाआड एक खांदा पुढे काढायचा,
तेव्हा दार लागतं.
खिडक्यांना दांडे नाहीत, एक पक्कड आहे,
ती हातोहात फिरते.

आज संध्याकाळी आम्ही पाच.
मी, पहारेकरी मोहा, केपरच्या कळ्यांचं पोतं घेऊन तामू,
आणि खांबांमधलं गवत कापणारे दोघे भाऊ,
विळे गोणपाटात गुंडाळलेले.
सहावा नाही.
वर खांबावर करकोचे चोची वाजवतायत,
त्यांना कुठेही जायला सहावा लागत नाही.

वाटून घ्या त्याचं भाडं, बुअझ्झा म्हणतो.
बाराचे पाच वाटे, दोन दिरहम चाळीस सांतीम.
दोन सगळ्यांकडे आहेत.
चाळीसवरून भांडण.
मोहा म्हणतो, इथलं तेल एकेकाळी रोमला जायचं म्हणे,
कसं जात असेल?
'भरल्यावर,' बुअझ्झा म्हणतो,
आणि बॉनेटवर संत्रं सोलत बसतो.

मोहाकडून किल्ली घेऊन मी आत गेले,
त्या गाढववाल्याकडे.
फरशीतल्या खड्यांचा माणूस, गाढवावर उलटा बसलेला,
तोंड शेपटीकडे.
इतकी वर्षं वाटायचं, धिंड काढलीय बिचाऱ्याची.
बादलीतलं पाणी शिंपडलं, रंग वर आले,
आणि दिसला हातातला पेला.
धिंड काढलेल्याच्या हातात पेला कोण देतं?
हा तर जिंकून आलाय.
उलटा बसून, पडला नाही म्हणून.

बाहेर आले तर बुअझ्झा सांगत होता,
ही गाडी पुढच्या महिन्यात भंगारात.
सरकार पैसे देतंय, नवी येईल, पांढरी.
तिच्यातही सहाच,
पण ज्याची त्याला सीट, ज्याचा त्याला पट्टा.
कोणी काही बोललं नाही.
मग तामू म्हणाली,
आणि खांदा? तो कुठे ठेवायचा?

एवढ्यात रस्त्याच्या वळणावर तो दिसला,
सकाळचाच, खिडकीत कोपर टेकवणारा,
मी सांगूनही पायी गेलेला.
एक बूट पायात, एक हातात.
बस सुटली नव्हती.
पांढरं कुत्रंही, म्हणाला, नुसतं भुंकलं नाही.

सहा!
धाकट्या भावाने टाळीच वाजवली.

बाई, पुढे खांदा काढायची पाळी माझी नव्हती,
पण पोतं मध्ये आलं, विळे पायाशी,
पाहुण्याचा गुडघा सुजलेला,
म्हणून मी वळले, आणि वळलेलीच राहिले,
तोंड मागच्या काचेकडे.
उतारावर खांब आधी मोठे दिसतात, मग एकदम नाहीत.
करकोचा तेवढा उरतो, तोही धुळीत.
तामूने माझ्या मुठीत खारवलेल्या चार कळ्या ठेवल्या.
हसू आलं. का, ते कोणाला सांगणार?

गाडी तापली होती.
पुढून कोणीतरी म्हणालं, पक्कड द्या.