मोजणी

गंगावेशीत सकाळी सहाला मला मिळाली
एक प्लास्टिकची खुर्ची, एक पॅड,
आणि तेरा पानी तक्ता.
शहराचा वाहतूक आराखडा व्हायचा होता.
दिवसाला चारशे, चहा ज्याचा त्याचा.

रकाने छापलेले: दुचाकी, रिक्षा, चारचाकी, टेंपो, बस.
एक गेलं की एक उभी रेघ,
पाचवी आडवी.
आठ वाजेतो दुचाकीच्या रकान्यात
शाळवाचं रान उभं राहिलं.
बसच्या रकान्यात दोन रेघा,
परगावच्या लग्नात कुणी ओळखीचं नसल्यासारख्या.

मग म्हशी आल्या. अकरा.
रस्ता आपल्याचसाठी केलाय अशा चालीनं
कट्ट्याकडं गेल्या.
मागं चारचाक्यांची रांग, हॉर्न, शिव्या.
मी इंगवले साहेबांना फोन लावला.
"'इतर'मध्ये टाक," ते म्हणाले,
"नायतर टाकूच नकोस."

'इतर' तोवर भरलं होतं:
कॅन लावलेल्या सायकली, भंगारचा गाडा,
एका सायकलीवर तिघी शाळेच्या.
चालणाऱ्यांना तर तिथंही जागा नव्हती.

थांबा म्हणजे एक खांब,
त्याला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.
फ्लेक्सच्या सावलीत आक्काताई चौगुले,
पायाशी कोथिंबिरीची रिकामी बुट्टी.
"काय मोजायलीस गं?"
"गाड्या."
"मग आमची वडणग्याची सव्वानवाची बंद केली,
ती कुठं लिवलीस?"

मी तक्ता उलटापालटा केला.

पाऊण तास त्या उभ्या होत्या.
मग वडाप आलं, आधीच नऊ जण,
बुट्टी टपावर, आक्काताई दाराशी अर्ध्या.
मी रिक्षाखाली एक रेघ मारली.

सहा महिन्यांनी महापालिकेच्या सभागृहात
माझा तक्ता पडद्यावर रंगीत होऊन आला.
दुचाकीचा मनोरा छताला टेकलेला,
बसचा, बोटाच्या पेराएवढा.
पुण्याचे सल्लागार म्हणाले,
बसला मागणी दिसत नाही.
कुणी म्हणालं रुंदीकरण, कुणी उड्डाणपूल,
कुणी म्हणालं आधी तो दुधाचा कट्टा हलवा.
सायकलमार्गाचं एक पान होतं,
पण ते आलं तेव्हा
पंखा का फिरत नाही यावर चर्चा चालली होती.

मी मागच्या रांगेत.
हात अर्धा वर गेला.
काय सांगणार होते?
की त्यातली एक रेघ रिक्षाची नव्हती?
इंगवले साहेबांनी मागं वळून बघितलं.
मी त्याच हातानं केस सारखे केले.

बाहेर आले. ऊन होतं.
माझी गाडी शोधायला वेळ लागला नाही,
दुसरीकडं कुठं जागाच नव्हती म्हणून सकाळी
बसथांब्याच्या खांबाला टेकवून लावली होती.