बारा किलो रेती

सारंगखेड्याला घोड्याचं वय दात बघून सांगतात.
इंजिनाला दात नसतात, म्हणून मला बोलावतात.
तीस वर्षं बाजार समितीत काटा धरला,
कापूस, मिरची, मका.
आता वर्षातून एक रविवार
बॅरेजने फुगवलेल्या तापीच्या काठी
बोटी मोजतो.

गट तीन.
पाच हॉर्सपॉवर, दहा हॉर्सपॉवर आणि खुला.
खुल्यात काहीही चालतं.
गेल्या साली एकाने जीपचं इंजिन बसवलं,
ते अजून तळाशी आहे.
खुल्या गटात भांडण नसतं.
नियमच नाही, तर कोण कुणाला चोर म्हणेल?

भांडण सगळं पाचात.
पाचात पंपाची इंजिनं येतात, विहिरीवरून उतरवलेली,
बांधाची माती अजून नटांत.
कुणी कार्ब्युरेटरचं भोक सुईने मोठं करतं,
कुणी पंख्याची पाती दिवाळीपासून कानशीने घासत बसतं.
मी झाकण उघडतो, आत बोट फिरवतो, माप लावतो.
मागे बाप उभे असतात
दहावीच्या निकालाला आल्यासारखे.

नियम पाचवा मीच लिहिला:
बोट, इंजिन आणि चालवणारा मिळून
एकशे पासष्ट किलो. कमी भरलं तर वजन घ्या.
हलक्याला हलकेपणाचा फायदा नको,
जाड्याला जाडेपणाची शिक्षा नको.
लिहिला तेव्हा मला तो फार देखणा वाटला होता.

दीपमाला भोई. अंगाने त्रेचाळीस.
बोट आजाची, डांबर फासलेली, इंजिनासकट एकशे दहा.
उरलेल्या बारा किलोंची तिने
काठावरचीच रेती भरली
खताच्या जुन्या गोणीत, तोंड सुतळीने शिवून.

निंबा पाटलाची बोट फायबरची, सुरतेहून आणलेली.
नियमात बसते. मी मोजली. बसते.
पैशाचं वजन कुठल्या नियमात धरावं
हे मला अजून सुचलेलं नाही.

पुलाच्या खांबाला तिने असा वळसा घेतला
की वरची कबुतरं उडाली.
एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने
डब्याने पाणी उपसत, उपसत, उपसत.
निंबा चौदा सेकंद मागे.

परतल्यावर पुन्हा काटा. बोट पुसून, कोरडी करून.
एकशे चौसष्ट किलो सहाशे.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा मी चष्मा पुसला.
गोणीच्या कोपऱ्याला उंदराने पाडलेलं भोक,
उपसलेल्या पाण्याबरोबर गेलेले चारशे ग्रॅम.

"आप्पा, रेती नदीनी व्हती, नदीमा गयी.
मी काय चोरी करी?"

निंबाच म्हणाला, जाऊ द्या आप्पा, मूठभर तर रेती.
आणि मला बाजार आठवला.
तिथेही असंच म्हणायचे.
जाऊ द्या, क्विंटलमागे दोनच किलो कडता.
जाऊ देता देता तीस वर्षं गेली,
काटा माझ्या हातात होता.

मी तिचं नाव खोडलं.
कप निंबाने नेला, टॉवेलात गुंडाळून.

पंधरा दिवसांनी भोईवाड्यात गेलो.
पिशवीत तीन वजनं, दोन पाचाची, एक दोनाचं,
बिडाची, माझी, बाजारातली.
म्हटलं, नियमात ओळ वाढवली:
वजन लोखंडाचं, बोल्टने आवळलेलं.
पुढच्या साली ही घे.

तिने एक उचललं, उलटं केलं,
खालच्या खाचेतल्या शिशावर नख फिरवलं.
"बाजारनं शे ना हाई? खरं शे का?"

"शिक्का आहे," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही.
घरात गेली
आणि मासे तोलायचा काटा घेऊन आली.