आतली चिंधी

गंगापूर रोडला, दातांच्या दवाखान्यावरची खोली.
शनिवारी साडेचार.
जिना सतरा पायऱ्यांचा. दर वेळी मोजते,
अठरावी निघाली तर परत फिरायचं ठरवून.

केतकी आहेर ट्यूबलाइट लावत नाही.
पहिल्या दिवशी तिनं बटणाकडे हात नेला
आणि माझं तोंड बघून मागं घेतला.
तेवढ्यावर मी पुढचा शनिवार कबूल केला.

टेबलाभोवती, तिला धरून, आम्ही चौघं.
सुमेध पगारे, बत्तीसचा, तीन नोकऱ्या सोडलेला;
तीन नोकऱ्यांनी सोडलेला, तो स्वतःच दुरुस्त करतो.
तांबोळी, जो बोलत नाही,
पण माती थापटताना जात्यासारखा घरघरतो.
आणि मी, वैजयंता भोये, अंबडला गॅस्केट तपासते.
शतांश मिलिमीटरची चूक बोटाला कळते,
समोरचा रागावलाय हे मात्र
तो दार आपटून गेल्यावर.

त्रेचाळिसाव्या वर्षी कागदावर नाव मिळालं याला.
भाऊ म्हणाला, आता काय उपयोग?
आई म्हणाली, तू पहिल्यापासून अशीच,
आणि ओट्याकडे वळली.
बराच वेळ नळ चालू होता.

शाळेची वाट तांबट आळीतून जायची.
हातोड्या.
बाकीच्यांना आवाज यायचा, माझ्या दातांत ठोके पडायचे.
वर्गात पोचले तरी कान झाकलेलेच.
बाई हात ओढून खाली करायच्या:
नीट उभी राहा.

तेव्हापासून नीट उभी आहे.
लग्नात, हळदीकुंकवात, कँटीनच्या रांगेत.
कुणी हसलं की दोन मोजून हसायचं,
डोळ्यांऐवजी भुवयांच्या मधोमध बघायचं,
आणि घरी आल्यावर बाथरूमच्या फरशीवर
दिवा न लावता चाळीस मिनिटं.

एकदा केतकी म्हणाली, आज मुखवटे करू.
म्हटलं, मी नाही करणार. माझ्याकडे आहे.
कुणी हसलं नाही. मी दोन मोजले होते.

मग कधी नव्हे ते बोलत सुटले.
आईचं माहेर हरसूलकडचं.
मामा बोहाड्यात सोंग नाचवायचा.
लाकडी मुखवटा चढवण्याआधी
त्याच्या कपाळाला चिंध्या गुंडाळायचे,
लाकूड हाडाला लागू नये म्हणून.
उजाडलं की उतरवायचे.
ज्यानं बांधला तोच सोडायला
रात्रभर मागं मागं फिरायचा.

माझ्याला आतून चिंधी नव्हती.
बांधणारे पुष्कळ होते,
सगळे जेवून घरी गेले.

तांबोळीनं माती पुसायचं फडकं
टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.
ओलं होतं. कपाळाला लावलं.
बरं वाटलं.

त्या दिवसापासून मी रेघा ओढते.
एकीखाली एक, पट्टी न लावता, सहा शनिवार.
हे काय, असं केतकी विचारत नाही.
सुमेधनं विचारलं.
म्हटलं, रेघा.
हां, तो म्हणाला, मलाही रेघाच वाटल्या.

बदल म्हणाल तर फार नाही.
साहेबांना सांगितलं, तोंडी नको, लिहून देत जा.
साहेब म्हणाले, बघू. अजून बघतायत.
पुतणीच्या हळदीला बँड सुरू झाला तशी
मंगल कार्यालयामागे टँकरच्या सावलीत जाऊन बसले,
तासभर, कानांवर फॅक्टरीतले मफ.
भाऊ पंधरा दिवस बोलला नाही.
पंधरा दिवस किती शांत गेले,
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

काल अशोकस्तंभावर उभी होते.
बोटं आपोआप हलायला लागली,
पाण्याखाली शेवाळ हलतं तशी.
एरवी ओढणीत गुंडाळते.
समोर एक मुलगा, आईच्या बोटाला धरलेला,
बघत राहिला. मग मोकळा हात वर करून
त्यानं आपली बोटं हलवून पाहिली.
आईनं त्याचा हात खाली ओढला.

मी माझा वर ठेवला.

एक रिक्षा येऊन थांबली.
त्याला वाटलं, त्यालाच बोलावतेय.
बसले.