मागचं दार

परवान्यावर अजून क्वितेरियाच्या सासऱ्याचं नाव आहे,
पोर्तुगीज, शेपट्या काढलेल्या अक्षरांत.
खाली एकसष्टनंतरचा अशोकस्तंभ,
त्याखाली वाळवीनं नेलेली दोन वर्षं.
दर मार्चात ती मेलेल्या माणसाच्या नावानं फी भरते,
पावती पिठाच्या डब्यात ठेवते.

त्या वर्षी हुकूम निघाला: खुरसापासून शंभर मीटर.
अबकारीचा कारकून मी. टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं तिच्या नातवाच्या.
दारापासून एक्याण्णव भरलं.
पुन्हा मोजलं. एक्याण्णवच.
बाकावरून मिंगेल तांडेल म्हणाला,
"खुरीस मागीर आयलो, बाब.
म्हज्या पायन उबारलो, हांगाच पियेवन."

क्वितेरियानं पुढच्या दाराला आडणा घातला,
त्यावर सांत आंतोनची तसबीर टांगली,
आणि चुलीजवळून, डुकराच्या खुराड्याला वळसा घालून
मला घराच्या पाठीमागं नेलं.
"हांगासावन मेजात."

एकशे चार.

लिहून घेतलं. साक्षीला मिंगेलचा अंगठा.
तिनं उर्राकाचा ग्लास पुढं केला.
ड्युटीवर आहे म्हणालो,
तर त्यात लिंबू पिळलं, मीठ टाकलं,
आणि ग्लास होता तिथंच ठेवला.

आता निवृत्त आहे.
असोळण्याला गेलो की
सगळ्यांसारखाच मागून जातो,
चपला हातात घेऊन, चिखलातून,
कायद्याचे ते तेरा मीटर
पायांनी मोजत.